ओरछा गेट आणि लोखंडाचं कवच

पुणे, नागपूर, बेळगाव, इंदूर, बडोदा, आणि जिथे कुठे मराठी कानावर पडली की मान वळते, तिथल्या सगळ्यांना झाशीहून रामराम.

मी निवृत्त कर्नल. वय सदुसष्ट. पदवी बी.एस्सी. केमिस्ट्रीची, पण नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे फौजेला पीठ, तांदूळ, तेल, मीठ पोचवण्याची. बंदुकीपेक्षा पोत्यावरचं लेबल मी जास्त वाचलंय. ही लेबल वाचायची सवय आजच्या विषयाच्या मुळाशी आहे.

मागे जो दरवाजा दिसतोय, तो ओरछा गेट. जुन्या झाशीच्या तटाला दहा दरवाजे होते, त्यातला हा एक. इथून रस्ता बेतवाकाठच्या ओरछाला जातो म्हणून हे नाव. आमचं घर इथून चालत पाच मिनिटांवर. नेवाळकरांच्या काळात कोकणातून जी घराणी इकडे आली, त्यातलं एक आमचं. घरात मराठी, दारात बुंदेली आणि बाजारात हिंदी अशी आमची तीन पदरी भाषा आहे, तेव्हा कुठे शब्द घसरला तर सांभाळून घ्या.

या दरवाजाची गोष्ट इथलं लहान पोरही सांगतं. ३ एप्रिल १८५८ ला इंग्रजी फौज शहरात घुसली, ती दुल्हाजू नावाच्या माणसाने ओरछा गेट आतून उघडून दिलं म्हणून, असं लोक मानतात. इतिहासकारांचं यावर एकमत नाही. इंग्रज शिड्या लावून आणि पडलेल्या खिंडारातून आले, ही नोंद आहे. मी त्या वादात पडत नाही. मला गोष्टीतला एवढाच भाग हवाय की तट कितीही भक्कम असला तरी प्रश्न दरवाजाचा असतो. कुठला दरवाजा, कधी उघडला आणि उघडल्यावर आत कोण आलं.

आता लोखंडाकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सूनबाईंना सातवा महिना लागला होता. मुलगा नोकरीनिमित्त बाहेर, ती आमच्याकडे. तपासणीत हिमोग्लोबिन निघालं ७.८. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात आणि ७ ते ९.९ हा मध्यम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरायचं नाही, पण वेळ घालवायचा नाही. मी मात्र घाबरलो. आमच्या एका काकू १९६८ साली बाळंतपणात गेल्या. तेव्हा घरात सगळे म्हणत, "अंगात रक्तच नव्हतं." मी दहा-अकरा वर्षांचा होतो. मला वाटायचं, रक्त नसतं म्हणजे काय? मग असतं काय?

आकडे सांगतो, म्हणजे ही एका घराची गोष्ट नाही हे कळेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्क्यांना अ‍ॅनिमिया निघाला. महाराष्ट्रात ५४.२ टक्के. उत्तर प्रदेशात ५०.४. महाराष्ट्राचा आकडा आमच्यापेक्षा वर आहे, हे पुण्याच्या नातेवाईकांना सांगितलं की ते विषय बदलतात.

तर सूनबाईंना गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्यांनी उलट्या होत म्हणून बदलून कॅप्सूल आल्या. पारदर्शक टोपणातून आत बारीक बारीक दाणे दिसतात, त्या. त्या तिला गिळवेनात. मग मी, केमिस्ट्रीचा पदवीधर, पुढे झालो. कॅप्सूल उघडायची, दाणे गरम दुधात टाकायचे, ढवळायचं आणि कप हातात द्यायचा. "बाळ, एका घोटात." ती बिचारी "हो बाबा" म्हणून प्यायची आणि अर्ध्या तासात सगळं मोरीत. वर म्हणायची, दुधाला खिळ्याची चव येते. मी म्हणायचो, लोखंडच आहे ते, येणारच. तीन आठवडे हा पराक्रम चालला. हिमोग्लोबिन ७.८ चं ७.९ झालं.

(इथे मी टेबलावर तीन ग्लास मांडले होते. पुस्तकात दिसणार नाहीत, म्हणून लिहून देतो.)

पहिल्या ग्लासात लिंबूपाणी. दुसऱ्यात खायचा सोडा घातलेलं कोमट पाणी. तिसऱ्यात बिनदुधाचा कडक चहा. पहिल्या दोन्हींत त्याच कॅप्सूलचे दाणे टाकले आणि बोलत राहिलो. वीस मिनिटांनी पाहिलं तर लिंबूपाण्यातले दाणे जसेच्या तसे, तळाशी मोहरीसारखे बसलेले. सोड्याच्या पाण्यातले फुगून फुटलेले, पाणी गढूळ. दाणे तेच, पाणीही एकाच नळाचं. फरक फक्त आंबटपणाचा.

त्या दाण्यांवर जे वेष्टन असतं, ते जठरातल्या आम्लात टिकावं आणि पुढे आतड्यात, जिथे आंबटपणा कमी होतो, तिथे सुटावं अशा बेताने केलेलं असतं. जठराला त्रास नको म्हणून. दूध आंबट नसतं. त्याचा पीएच साडेसहाच्या आसपास, म्हणजे आतड्याच्या जवळपास. मी दाणे गरम दुधात ढवळत होतो, तेव्हा वेष्टनाला वाटत होतं की आतडं आलं. दरवाजा कपातच उघडत होता. तिथे लोह मोकळं होऊन दुधातल्या प्रथिनांना आणि कॅल्शियमला चिकटत होतं. ते शोषलं जाणं अवघड, आणि वर खिळ्याची चव. दुल्हाजूला इथे लोक दोष देतात, आमच्या घरात तो मान माझा होता.

याची दुसरी बाजूही आहे. लोह शरीरात मुख्यतः घेतलं जातं ते आतड्याच्या पहिल्या तुकड्यात, जठर संपल्यावर लगेच. एखाद्या गोळीचं वेष्टन फार चिवट असेल तर ती तो तुकडा ओलांडून पुढे गेल्यावर विरघळते. दरवाजा उघडतो, पण गाडी स्टेशन सोडून गेलेली असते. म्हणून पोटाला त्रास न देणारी गोळी जास्त गुणकारी असेलच असं नाही. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला जी लाल गोळी देतात, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं, रोज एक, १८० दिवस. तिला लोक नाकं मुरडतात. पण तिच्यावरचं साखरेचं कवच साधं आणि प्रामाणिक आहे. चव झाकतं, आतल्या लोहाला हवेपासून वाचवतं आणि पोटात गेलं की लगेच सुटतं. त्रास होतो, पण मालही वेळेवर पोचतो.

जाता जाता, त्या गोळीतल्या फॉलिक अ‍ॅसिडचा धागा मुंबईला जातो. लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईला आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा शोध त्यांनी घेतला. यीस्टपासून केलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त चाटणाने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये छापलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. मराठी माणसाला हे माहीत असावं असं मला वाटतं.

आता तिसरा ग्लास. कडक चहात मी लाल गोळी फोडून टाकली. बघता बघता चहा काळा ठिक्कर. आमचे आजोबा हिरडा आणि लोखंडाचा कीस घालून शाई करायचे, ती हीच. चहातलं टॅनिन लोहाला पकडून बसतं. ज्या घरात सकाळी गोळी आणि चहा एकत्र घेतात, त्या घरात पोटात शाई तयार होते. त्या बाईला सांगतात, गोळ्या लागू पडत नाहीत. गोळी आणि चहा यांत दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबू किंवा आवळा मात्र चालतो. व्हिटॅमिन सी लोहाला विरघळलेलं ठेवतं.

कवचाची हीच युक्ती मिठातही आहे. आयोडीन आणि लोह दोन्ही असलेलं मीठ आपल्याकडे बनतं, उत्तर प्रदेशात काही जिल्ह्यांत रेशनवरही वाटलं गेलं. मिठात लोह उघडं टाकलं तर ते आयोडीनला उडवून लावतं. म्हणून एका पद्धतीत लोहाच्या कणांना घट्ट केलेल्या वनस्पती तुपाचं कवच देतात, वर मिठासारखा पांढरा रंग. फोडणीत ते तूप वितळलं की कधी कधी बटाट्यावर काळसर छटा येते. मग बायका म्हणतात, मीठ भेसळीचं. भेसळ नाही, दरवाजा कढईत उघडला एवढंच. पण दिसायला काळं आलं की खाणारा ते बाजूला सारतो, आणि मग शास्त्र कितीही बरोबर असलं तरी उपयोग शून्य. रेशनच्या कामात मी हे फार पाहिलंय. जवानाने खाल्लं नाही, तर कागदावरच्या कॅलरी कागदावरच राहतात.

आतापर्यंत बोललो ते डोळ्यांना दिसणाऱ्या कवचांबद्दल. खरी गंमत पुढे आहे.

तोंडाने लोह जमेना आणि दिवस सरत होते, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी शिरेतून लोह द्यायचं ठरवलं. हिशोब त्यांनी माझ्यासमोर केला, तो मला आवडला. वजन ५० किलो. हिमोग्लोबिन ११ वर न्यायचं, म्हणजे ३.२ ची तूट. ५० गुणिले ३.२ गुणिले २.४, म्हणजे ३८४. त्यात शरीराच्या साठ्यासाठी ५०० मिळवले. झाले ८८४ मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज नावाचं इंजेक्शन, एका वेळी २०० मिलिग्रॅम, एक दिवसाआड, पाच वेळा.

पहिल्या दिवशी आम्ही एका नर्सिंग होममध्ये गेलो. नाव सांगणार नाही, माणसं चांगली होती. सिस्टर वयाने अगदी लहान, दोन रात्रींची जागी असावी. तिने दोन अ‍ॅम्प्यूल फोडल्या. काळपट तपकिरी, उसाच्या काकवीसारखं औषध. आणि समोर स्टँडवर अडकवली सलाईनची ५०० मिलीची बाटली. मी विचारलं, एवढ्यात? ती म्हणाली, "अंकल, जितना पतला, उतना हल्का. धीरे-धीरे जाएगा, बच्ची को तकलीफ नहीं होगी." ऐकायला किती पटतं! गूळ जास्त पाण्यात घातला की गोडी कमी, तसंच.

मला सवय आहे म्हणून खोक्यातला कागद काढून वाचत होतो. त्यात लिहिलं होतं की हे औषध फक्त ०.९ टक्क्यांच्या सलाईनमध्येच मिसळावं, आणि एका मिलीत एक मिलिग्रॅमपेक्षा पातळ करू नये. मी मनात भागाकार केला. २०० मिलिग्रॅम, ५०० मिली. ०.४ मिलिग्रॅम. अर्ध्यापेक्षाही कमी.

खरं सांगतो, मी बोलायला कचरलो. आयुष्यभर हुकूम दिले, पण हॉस्पिटलात सासरा म्हणून उभं राहिलं की कर्नल उरत नाही. सूनबाई कॉटवर, हाताला सुई लावलेली, माझ्याकडे बघतेय. शेवटी मी तो कागद सिस्टरपुढे धरला आणि म्हटलं, "बेटा, एक दफा डॉक्टर साहब से पूछ लो." तिचा चेहरा उतरला. डॉक्टर आले, कागद न बघताच म्हणाले, बरोबर आहे, १०० मिली घ्या. बाटली बदलली. १०० मिलीत ते १.८ मिलिग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे ठीक. ती मोठी बाटली लावली असती तर काही झालंच असतं असं मी म्हणत नाही. पण औषध पातळ केल्याने ते बिघडतं कसं, हा प्रश्न मला झोपू देईना.

रात्री घरी येऊन वाचायला बसलो. मग पुढे चार महिने वाचतच राहिलो.

मीठ पाण्यात टाकलं की ते संपतं. त्याचे अणू सुटे होऊन पाण्यात हिंडतात. याला आपण विरघळणं म्हणतो. त्या अ‍ॅम्प्यूलमधलं लोह तसं विरघळलेलं नसतं. तिथे असतात कण. मधे लोहाच्या गंजासारख्या संयुगाचा गाभा, दोन-तीन नॅनोमीटरचा, आणि भोवती साखरेचा थर. सगळं धरून सात-आठ नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण इतके बारीक की तळाशी बसत नाहीत, आणि बघणाऱ्याला वाटतं, विरघळलं. दूध बघून आपल्याला वाटतं ना, सगळं एकजीव आहे, पण आत चरबीचे थेंब तरंगत असतात, तसं. याला कोलॉइड म्हणतात.

साखरेचा तो थर गाभ्याला खिळ्याने ठोकलेला नसतो. साखरेचे रेणू काही गाभ्याला धरून, काही बाजूच्या पाण्यात, आणि दोघांत सारखी ये-जा. पहारा बदलत राहतो, पण तटावर माणसं पुरेशी असतात, कारण बाहेरही साखर भरपूर आहे. शिवाय आयर्न सुक्रोज चांगलंच अल्कधर्मी ठेवलेलं असतं, पीएच साडेदहाच्या वर. आता त्यात खूप पाणी ओता. बाहेरची साखर विरळ झाली, अल्कपणा उतरला. तटावरून उतरलेला शिपाई परत चढत नाही. गाभे उघडे पडायला लागले की दोन गोष्टी होऊ शकतात. उघडे गाभे एकमेकांना चिकटून गोळे बनतात. किंवा पृष्ठभागावरचं लोह सुटं होतं. दोन्ही शिरेत नको असतात. कंपन्यांच्या कागदावर यासाठी एकच शब्द असतो, स्थिरता. त्या एका शब्दामागे हे सगळं रामायण आहे.

सुटं लोह इतकं वाईट का? कारण लोह ही दुधारी तलवार आहे. हिमोग्लोबिनमध्ये बसलं की प्राणवायू वाहतं. मोकळं हिंडलं की पेशी जाळणारी रसायनं तयार करतं. रक्तात ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन प्रत्येक सुट्या लोहकणाला पकडून नेतं, पण त्याच्या गाड्या मोजक्या. एकदम जास्त माल आला की रस्त्यावर पडतो. मग चेहरा लाल होणं, मळमळ, रक्तदाब घसरणं. गेल्या शतकात साधे लोहक्षार शिरेतून देऊन पाहिले, तेव्हा माणसं असह्य आजारी पडायची. १९४७ साली लंडनमध्ये निसिम या डॉक्टरांनी साखरेचं कवच दिलेलं लोह शिरेतून दिलं आणि हा रस्ता खुला झाला.

निसर्गाने मात्र ही युक्ती फार आधी केली होती. आपल्या प्रत्येकाच्या यकृतात फेरिटिन असतं. रक्ततपासणीत हा शब्द तुम्ही वाचला असेल. १९३७ साली लाउफबर्गर या चेक शास्त्रज्ञाने ते घोड्याच्या प्लीहेतून वेगळं केलं. चोवीस प्रथिनांच्या विटा रचून केलेला पोकळ गोळा, बाहेरून बारा नॅनोमीटर, आत आठ नॅनोमीटरची कोठी. त्या कोठीत साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू मावतात, तेही गंजाच्याच रूपात. झाशीचं अख्खं कोठार, आणि दरवाजे इतके अरुंद की एकावेळी एक माणूस जाईल. औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळा याच कोठीची नक्कल करतायत. गॅम्बियामध्ये लहान मुलांना तोंडाने द्यायच्या एका नॅनो-लोहाची चाचणी झाली, त्याचा नमुनाही फेरिटिनचा गाभाच.

मग शिरेतून गेलेला कण उघडतो कुठे? हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. तो रक्तात उघडायचा नसतोच. यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी असतात, त्या कणाला अख्खा गिळतात. पेशीच्या आत एक आम्लाची कोठडी असते, तिथे साखर निघते, गाभा हळूहळू झिजतो आणि लोह मोजून-मापून बाहेर ट्रान्सफेरिनच्या गाडीत चढतं. आम्ही फौजेत याला म्हणायचो, माल सीलबंद डेपोत उतरवा, वाटप डेपोतून. रस्त्यात पोतं फाटलं की हिशोब गेला.

कवच किती घट्ट, यावरून एकावेळी किती देता येईल ते ठरतं. आयर्न सुक्रोजचं कवच मध्यम, म्हणून २०० च्या आसपास. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजचं कवच जास्त घट्ट, कणही मोठा, वीसेक नॅनोमीटरचा. ते एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत, पंधरा मिनिटांत देतात. त्याच्यासाठी मर्यादा एका मिलीत दोन मिलिग्रॅम, याहून पातळ नाही. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे संशोधक ज्यात आहेत, त्या रॅपिडआयर्न नावाच्या चाचणीत कर्नाटक आणि राजस्थानातल्या ४३२० गरोदर बायका घेतल्या. एका बाजूला गोळ्या, दुसऱ्या बाजूला असं एकदाच द्यायचं शिरेतलं लोह. खेड्यातल्या बाईला पाचदा तालुक्याला यायला लावायचं की एकदाच, हा प्रश्न माझ्या मते कवचाच्या रसायनाइतकाच मोठा. आमच्या बुंदेलखंडात तर नक्कीच. बसचं भाडं, एक दिवसाची मजुरी आणि घरी राहिलेली धाकटी पोरं, हे पाचदा गुणून बघा.

पण घट्ट कवच म्हणजे सगळं आलबेल असं नाही. कार्बोक्सिमाल्टोजने काही रुग्णांच्या रक्तातलं फॉस्फेट उतरतं. पुन्हा पुन्हा द्यावं लागणाऱ्यांनी डॉक्टरांशी त्यावर बोलावं. शिवाय कोणतंही शिरेतलं लोह दिल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं असतं, लगेच रिक्षा धरायची नाही.

अजून एक. हे कण डोळ्याने दिसत नाहीत, मग तपासतात कसे? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. पण थेंब वाळवला की कण एकमेकांना चिकटतात, आणि बघणाऱ्याला कळत नाही की हे गोळे औषधातच होते की वाळवल्याने झाले. म्हणून आता थेंब क्षणार्धात गोठवून, ओल्या अवस्थेतच बघतात. इतकी काळजी का, तर दोन कंपन्यांचं आयर्न सुक्रोज, लेबलवर तोच मजकूर, तेवढेच मिलिग्रॅम, पण कण बनवण्याची रीत जरा बदलली की कवच वेगळं वागू शकतं. फ्रान्समध्ये डायलिसिसच्या ७५ रुग्णांना मूळ औषधावरून तशाच दुसऱ्या औषधावर नेलं, तेव्हा हिमोग्लोबिन थोडं उतरलं आणि लोह जास्त लागलं. हा अहवाल २०११ चा. २०१५ साली युरोपच्या औषध नियंत्रकांनी अशा नॅनो-लोहासाठी वेगळी तपासणी सुचवली. याचा अर्थ स्वस्त औषध वाईट असा काढू नका. उपचार चालू असताना मधेच ब्रँड बदलला तर डॉक्टरांना सांगा, एवढाच काढा.

एक ताकीद, हात जोडून. लाल गोळ्या लहान मुलांना चॉकलेटसारख्या दिसतात. मूठभर गिळल्या तर जिवावर बेततं. पाळण्याच्या उंचीपेक्षा वर, कुलपात ठेवा.

सूनबाईंचे पाचही डोस झाले. महिन्याने हिमोग्लोबिन १०.४. शेवटच्या डोसाला मी गेलो तेव्हा त्याच सिस्टर ड्यूटीवर होत्या. मला पाहून हसल्या आणि भिंतीकडे बोट दाखवलं. औषधांच्या ट्रॉलीच्या वर, हाताने लिहिलेला कागद चिकटपट्टीने लावला होता: "आयर्न सुक्रोज २०० – सिर्फ एन.एस. १०० मिली. ५०० नहीं. ग्लूकोज नहीं." खाली कुणीतरी वेगळ्या शाईने जोडलं होतं, "कागज पढ़ लो."

नातीला आता दीड वर्ष होईल. तिला लोहाचे थेंब चालू आहेत. ते मी दुधात घालत नाही.